दादर म्हणजे जिना

मराठीत दादर म्हणजे जिना. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, स्टेशनला मात्र ते चपखल बसतं. इथली निम्मी धांदल रुळांवर नसते, जिन्यांवर असते.

याचं मूळ असं, की दादर हे कधी एक स्टेशन नव्हतंच. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची. विरारहून बॅकबेपर्यंत 12 एप्रिल 1867 पासून लोकल सुरू झाली ती बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) कंपनीची. दोन कंपन्या, दोन मार्ग, आणि दादरला ते एकमेकांना खेटून जाणारे. प्रत्येकीचं स्टेशन वेगळं, फलाटांची मोजणीही आपापली, 1 पासून. 1896 च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती उभ्या केल्या आणि पुढे इथली गर्दी वाढतच गेली. 1951 साली जीआयपी आणि बीबीसीआयच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या, तरी दादरला दोन 'एक नंबर' आणि दोन 'चार नंबर' राहिले ते राहिलेच. 'चार नंबरवर भेट' म्हणणारी दोन माणसं दोन रेल्वेंच्या फलाटांवर एकमेकांची वाट पाहत उभी, हा घोळ रोजचा.

तो 9 डिसेंबर 2023 ला मिटला. पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच ठेवले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. जुने आकडे डोक्यात पक्के बसले असतील तर हिशेब सोपा आहे: मध्य रेल्वेच्या जुन्या नंबरात 6 मिळवा. जुना 3 आता 9, जुना 4 आता 10, जुना 8 आता 14. अपवाद जुन्या 1 चा. त्यात 7 मिळवायचे, म्हणजे 8. कारण जुना 2 नंबर उरलेलाच नाही; 1 नंबर रुंद करण्यासाठी तो आधीच बंद केला होता. क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतो, त्यामुळे आकडा लहान असेल तर पश्चिमेकडे, मोठा असेल तर पूर्वेकडे चालायचं.

एवढी माणसं दादरलाच का बदलतात? परळ आणि प्रभादेवी ही स्टेशनंही एकमेकांना लागूनच आहेत, पण तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत. दोन्ही रेल्वेंच्या फास्ट लोकल शेजारीशेजारी थांबतात त्या फक्त दादरला. तुमच्या दोन्ही गाड्या स्लो असतील तर मात्र दादरचा हट्ट सोडा. प्रभादेवी-परळ पूल ओलांडणं कमी त्रासाचं, शिवाय 3 मार्च 2019 पासून परळहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळण्याची शक्यता बरी असते, हे वेगळं सांगायला नको.

दादरला बदलायचंच असेल तर पूल गाडीत चढतानाच ठरवायचा. उतरल्यावर नाही. लोकल इथे अर्ध्या मिनिटाच्या आसपास थांबते, आणि उतरलेले सगळे पहिला दिसेल त्या जिन्याकडे वळतात. त्यामुळे मधल्या पुलाचा जिना तुंबतो, टोकाचा त्या मानाने मोकळा राहतो. फुलबाजाराकडे जायचं असेल तर मुंबईकडच्या, म्हणजे चर्चगेट-सीएसएमटीकडच्या, टोकाच्या डब्यात असावं. नुसतं पूर्व-पश्चिम ओलांडायचं असेल तर स्टेशनात शिरूच नका. टिळक पूल रस्त्याचा आहे, तिकीट लागत नाही. मेट्रो 3 चं दादर स्टेशन पश्चिमेला आहे, मे 2025 पासून चालू.

मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवरची अक्षरं नवख्याला चक्रावतात. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, डीएल डोंबिवली, बीएल बदलापूर, टीएल टिटवाळा, इथवर ठीक. पण कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन कसं? कल्याणनंतर मार्गाला दोन फाटे फुटतात: कर्जतचा साउथ-ईस्ट, कसाऱ्याचा नॉर्थ-ईस्ट. अक्षरं गावांची नाहीत, फाट्यांची आहेत. कसाऱ्याचा प्रवासी चुकून एस पकडतो तेव्हा चूक कल्याणपर्यंत कळतही नाही, कारण तोवर दोन्ही गाड्या एकाच वाटेने जातात. कल्याणला लक्षात आलं तर उतरून पुढची एन घ्यायची. गाडी विठ्ठलवाडीकडे वळली असेल तर उलट कल्याणला येण्यावाचून इलाज नाही.

दोन रेल्वेंसाठी दोन तिकिटं काढायची गरज नाही. बोरिवली ते ठाणे असं 'व्हाया दादर' एकच तिकीट मिळतं, पासही निघतो. पासावर 'व्हाया' काय छापलंय तेवढं खिडकीवरच वाचून घ्यावं.

रविवारच्या मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी रूळ बंद ठेवण्याची, एक खुबी. माटुंगा-मुलुंड डाउन फास्टवर (सीएसएमटीहून दूर जाणाऱ्या जलद रुळावर) ब्लॉक असला की लोक दादरला स्लोच्या फलाटावर गर्दी करतात. पण गाड्या फास्टवरून स्लोवर जातात त्या माटुंग्याला, म्हणजे दादरच्या पुढे. दादरला त्या नेहमीच्या फास्टच्या फलाटावरच येतात.

बाहेरगावच्या गाडीचं आरक्षण करताना दादरचे दोन कोड दिसतात: डीआर मध्यचा, डीडीआर पश्चिमेचा. पुदुच्चेरीची चालुक्य एक्स्प्रेस मध्यची, बिकानेर आणि अजमेरच्या गाड्या पश्चिमेच्या. कोड न पाहता टॅक्सीवाल्याला नुसतं 'दादर स्टेशन' सांगितलं, की बॅगा उचलून सगळे जिने चढणं आलं.