दगड मारणारी आपलीच गाडी निघाली

जुलैच्या सुट्टीत आम्ही गाडीमागे कॅम्पर ट्रेलर (तंबू आणि सामानाची ओढगाडी) जोडून ऊडनाडट्टा ट्रॅकला, म्हणजे इथल्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या लांबलचक कच्च्या रस्त्याला, गेलो त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. गाडीच्या मागच्या काचेच्या जागी पुठ्ठा चिकटवलाय तो फोटो तेव्हढा टाकला नव्हता, आईची झोप उडाली असती. आता सगळं निस्तरलंय म्हणून लिहितोय.

मारी नावाचं गाव सोडून शंभरेक किलोमीटर झाले असतील. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूला तांबूस गोट्यांचं माळरान, अर्ध्या तासात समोरून एक गाडी नाही, आणि एकदम मागे सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. मागची अख्खी काच चुरा! खडीसाखरेएवढे तुकडे पोरांच्या जॅकेटच्या टोपीत, चिवड्याच्या डब्यात, सगळीकडे. लेक घाबरून रडायलाच लागली. मी उतरून आधी लांबवर बघितलं की कुणी दगड मारला का, पण त्या माळावर मारायला होतं कोण?

तसेच धूळ खात कावर्ड स्प्रिंग्जला पोचलो. १९८० साली बंद पडलेल्या जुन्या घान रेल्वेच्या मार्गावरचं हे ठिकाण, आता तिथे खजुराच्या झाडांत तंबू टाकायची सोय आहे. शेजारच्या कॅरव्हॅनमधले एक आजोबा स्वतःहून आले (इथे वडीलधाऱ्यांनाही नावानेच हाक मारतात, मला नऊ वर्षांत ते जमलेलं नाही). काचेकडे त्यांनी बघितलंच नाही, थेट कॅम्पर ट्रेलरच्या पुढे उकिडवे बसले आणि पत्र्यावरून हात फिरवला. मग माझा हात धरून तिथे फिरवला. खरखरीत! रंगाचे टवके उडालेले, पण सगळीकडे नाही, बरोबर दोन उभे पट्टे, गाडीच्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या रेषेत. म्हणजे दगड आमचीच गाडी मारत होती. मागच्या चाकाखालचा गोटा उडतो, ट्रेलरच्या सपाट उभ्या पत्र्यावर आदळतो आणि उलटा येऊन काचेवर बसतो. शंभर किलोमीटर मी समोरून येणाऱ्या रोड ट्रेनला (दोन-तीन ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) घाबरत होतो आणि शत्रू माझ्याच डिकीखाली होता.

त्या माणसाने संध्याकाळचे दोन तास आम्हाला दिले. पुठ्ठा कापून टेपने काच बंद केली, कन्व्हेयर बेल्टचा जुना रबरी तुकडा ट्रेलरच्या पुढे तारेने बांधला, आणि माझ्या टायरमध्ये ४० पीएसआय हवा बघून ती २८ वर आणायला लावली. हवा कमी केली की टायर गोट्यावर दबतो, त्याला टिचकी मारून उडवत नाही. वेग ६०, फार तर ७०. 'हे तुला कुणी सांगितलं नाही का' असं एकदाही म्हणाले नाहीत. पैसे घेणं तर सोडाच, बायकोने दिलेले दोन धपाटे तेव्हढे आवडीने खाल्ले.

ॲडलेडला आल्यावर ट्रेलर एका वर्कशॉपला दाखवला. पुढच्या पत्र्याचे चौदाशे डॉलर आणि नंबर पाच आठवड्यांनी! मला नाना पेठ आठवली. तिथे गाडी दिली असती तर संध्याकाळपर्यंत चहा पाजून परत मिळाली असती, वर रंग ओळखू आला नसता. इथे मजुरी महाग म्हणून माणूस सगळं स्वतः शिकतो, हे कौतुकाने सांगितलं जातं आणि कौतुक करण्यासारखं आहेही, पण आपल्याकडचा पेंटर नुसत्या नजरेने रंग जुळवतो ती कला इथे मला अजून दिसलेली नाही, हेही लिहून ठेवतो.

शेवटी शिकवलं बाबांनीच, व्हिडिओ कॉलवर. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये हयात गेली त्यांची. मी रंगाचा डबा दाखवला तर म्हणाले, "रंग राहू दे रे, आधी टवक्याची कड नखाने उचलून बघ." उचलली तर मसुरीएवढ्या टवक्याभोवतीचा पावडर कोटिंगचा पापुद्रा रुपयाएवढा निघून आला आणि खाली गंज. गंज रंगाच्या आतून सरकत जातो, वरून कळत नाही. मग एकेक टवका साबणाने धुवायचा, सुटा रंग खरवडायचा, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, मग ४००, कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत. खड्ड्यात उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), तो काळा पडला की जस्ताचा प्रायमर. बाबा विचारत होते रेड ऑक्साइड मिळत नाही का तिकडे. पण जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून मी तेच घेतलं, आणि त्यांनाही ते पटलं. मग रंगाचे दोन पातळ हात. एकूण त्रेसष्ट टवके आणि चार रविवार.

खालच्या अर्ध्या पत्र्यावर पिकअपच्या हौद्याला मारतात तो जाड, दाणेदार रंग मारला. गाडीला रुंद मडफ्लॅप लावले, आणि बंपरपासून ट्रेलरच्या दांड्यापर्यंत जाळीचं कापड तिरकं बांधलं, थोडं सैल. सैल हवं, ताणलेल्या कापडावरून दगड उडतो, सैल कापडात त्याचा जोर मरतो आणि तो खाली पडतो. पाण्याच्या टाकीचा नळ आणि गॅसची बाटली यांच्यापुढे आजोबांचा रबरी तुकडाच आहे, आता नट-बोल्टने कसलाय.

एवढा खर्च करून तंबूत झोपायला का जाता, त्या पैशात दिवाळीला आला असतात, असं घरचे म्हणतात. तिकिटं चौघांची लागतात हो, आणि पोरं ज्या देशात वाढतायत तो त्यांनी मॉलपलीकडे बघायला नको का?

ऑक्टोबरमध्ये पॅराचिल्ना गॉर्जला, इथल्याच फ्लिंडर्स डोंगररांगेतल्या घळीत, ट्रेलर घेऊन जाऊन आलो. काच शाबूत. बाबांनी फोन पत्र्याच्या अगदी खालच्या कडेला न्यायला लावला, आणि तिथे सापडलाच एक, मसुरीएवढा. त्याच संध्याकाळी धुऊन, घासून प्रायमर लावला, बाबा फोन चालू ठेवून बघत होते.