मोहरीएवढं भोक

सापडलं एकदाचं. आमच्या जुन्या महिंद्रा जीपच्या टाकीच्या आत, डिझेल ओढणाऱ्या नळीवर, मध्याच्या जरा वर, गंजाच्या एका खपलीखाली. खपली नखाने उडवली तर खाली मोहरीएवढंही नसेल असं भोक. या भोकापायी पाच आठवडे मी पहाटे साडेपाचला सेल्फ मारून अख्ख्या गल्लीची झोप उडवत होते.

मागच्या वेळी मी फार ऐटीत लिहिलं होतं: हीटर प्लगचा दोष होता, चारातले दोन गेलेले, चारही नवे टाकले, जीप पहिल्या सेल्फला उठली, आता फक्त नेपाळात मुक्तिनाथला जायचं सामान बांधायचं. ते सगळं मागे घेते. प्लग गेलेले होते हे खरं, टेस्ट लॅम्पवर दोघांनी काहीच दाखवलं नव्हतं. आणि या जीपचं, म्हणजे एमएम ५४० चं, हे २११२ सीसीचं प्युजो इंजिन जुन्या घडणीचं. डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं आणि मग पिस्टनवर येतं, त्यामुळे गार इंजिन प्लगशिवाय हलत नाही, हेही खरं. पण एका गाडीला एकाच वेळी दोन रोग असू शकतात हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच सुरू. सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी ठणठणीत, प्लग तापतायत, इंजिन काही उठत नाही. आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराची रेघसुद्धा नाही. इथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. हे आपल्या जीपवाल्यांतल्या निम्म्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. मी मात्र बेळगावच्या थंडीला दोष देत बसले. थंडी कसली, चौदा अंश!

हाताने प्राइम केलं, म्हणजे पंप दाबून पाइपात डिझेल भरलं, की दुसऱ्या सेल्फला चालू. मिस्त्रीमामांनी बॉनेट न उघडताच सांगितलं, "ताई, गाडी एअर घ्यायलीया. प्लगबिग काय न्हाई." डिझेलच्या पाइपात हवा कुठून घेतेय विचारलं तर म्हणाले, "ते तिलाच ठाव."

मग सुरू झाला शोध. पहिला संशय डिझेलचे पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या तांब्याच्या वायसरांवर. बाजारात एका दुकानातून सगळे नवे आणले, बसवले, तरी बोल्टभोवती डिझेलचा ओलावा. दुसऱ्या दिवशी सहज लोहचुंबक लावला तर वायसर टपकन चिकटले! लोखंडावर तांब्याचा मुलामा. तेव्हा दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. शेवटी मामांनी जुनेच वायसर बर्नरवर लाल केले, पाण्यात टाकले, पॉलिश पेपरवर घासले आणि बसवले. तापवलेलं तांबं मऊ पडतं आणि दाबलं की बसतं. नव्या खोट्या वायसरांपेक्षा जुने खरे बरे, हे मला साठ रुपयांत कळलं.

त्यानंतर फिल्टरच्या भांड्याची रबरी रिंग, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या झडपा, आणि दोन्ही रबरी पाइप. पाइप वरून चांगले दिसत होते, पण वाकवले की बारीक भेगा. थंडीत रबर कडक होतं, तेव्हा सकाळचा दोष पाइपचाच असणार असं माझं ठाम मत झालं. नवे पाइप, नव्या क्लिपा, टाकी फुल केली आणि शिनोळीवरून आंबोली गाठली. घाट उतरून दाणोलीला चहा, परत घाट चढून रात्री घरी. चढावर सेकंडमध्ये ती ज्या आवाजात गुरगुरत वर आली ना, त्यासाठी पाच आठवड्यांचा मनस्ताप माफ. पुढच्या सकाळी पहिल्या सेल्फला चालू. त्याच्या पुढच्या सकाळीही. आण्णांना (जीप मुळात त्यांनीच आणलेली) म्हटलं, झालं, आता थेट मुक्तिनाथ.

चार दिवसांनी खानापूरला मावसबहिणीचं लग्न. मुक्काम केला. पहाटे नवरदेवाला देवळात न्यायला जीपच हवी असा मुलाकडच्यांचा हट्ट, आणि जीप मुकी. फेटे बांधलेल्या सात जणांनी मंडपापासून रस्त्यापर्यंत धक्का मारला. फोटोग्राफरने ते सगळं टिपलंय आणि ते अल्बममध्ये जाणार आहे.

आल्या आल्या मी ठरवलं की आता अंदाज बंद. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी तीन फूट आणली आणि फिल्टरच्या आधी रबरी पाइपच्या जागी घातली. (ही नळी फक्त तपासणीपुरती. डिझेलमध्ये ती चार दिवसांत कडक होते, कायमची ठेवू नका.) इंजिन चालू असताना नळीत बारीक बुडबुड्यांची माळ दिसली. म्हणजे हवा फिल्टरच्या आधीच, टाकीच्या बाजूने येतेय. मग टाकी बाजूलाच ठेवून, पाच लिटरच्या कॅनमधून डिझेल थेट दिलं. तीन सकाळी लागोपाठ पहिल्या सेल्फला. मग कॅन मागे नेऊन चासीवरच्या लोखंडी पाइपलाइनमधून दिलं. तरी पहिल्या सेल्फला. म्हणजे उरली फक्त टाकी. पण गंमत अशी की टाकी पुन्हा जोडली, पारदर्शक नळी तशीच ठेवली, आणि नळीत एकही बुडबुडा नाही. सकाळी गाडी चालू. मी आणि मामा एकमेकांकडे बघत राहिलो.

त्या रात्री आण्णांनी त्यांची वही काढली. १९९४ मध्ये शोरूममधून जीप आणली त्या दिवसापासून प्रत्येक डिझेल भरल्याची नोंद त्यात आहे: तारीख, लिटर, किलोमीटर, आणि कधीकधी "ऊस गेला" किंवा "पाऊस" असला एखादा शब्द. टाकीचा काटा गेली दहा वर्षं मेलेला, आम्ही काठी बुडवून बघतो, म्हणून टाकीत किती आहे हा प्रश्नच मी कधी विचारला नव्हता. मी माझ्या फोनमधल्या नोंदी, कुठली सकाळ चांगली, कुठली वाईट, वहीशेजारी ठेवल्या. प्लग बदलले त्या दिवशी डिझेल भरलं होतं. वायसर बसवले, डिझेल भरलं. पाइप बदलले, टाकी फुल. कॅनची तपासणी संपली, कॅनमधलं उरलेलं ओतलं आणि वर आणखी वीस लिटर भरलं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर मी ट्रायलला जायचं म्हणून टाकी भरत होते, आणि गाडी चालू व्हायची ती भरलेल्या टाकीने, माझ्या दुरुस्तीने नव्हे. डिझेल निम्म्यावर आलं की रोग परत. आण्णा चष्मा पुसत म्हणाले, "तू डॉक्टरकडं जाताना पेशंटला जेवू घालून नेत होतीस." त्यांच्या आयुष्यातली एवढी एकच कोटी मला आवडली असेल.

आता सगळं जुळलं. भोक नळीच्या मध्याच्या वर. टाकी भरलेली असली की भोक डिझेलात बुडालेलं, तिथून फार तर डिझेलच येणार. पातळी खाली गेली की भोक उघडं, रात्रभर त्यातून हवा आत जाते, पाइपमधलं डिझेल सावकाश टाकीत परत उतरतं आणि सकाळी फीड पंप कोरडा. चालू गाडीत थोडे बुडबुडे इंजिन पचवतं, म्हणून दिवसा काही कळत नाही.

टाकी उतरवायला एक दिवस, साफ करायला दुसरा. आतून निघालेला गाळ बघून मामा म्हणाले, "यात मिरची लावता येईल." नळी काढून उद्यमबागेत एका लेथवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "स्वल्प तडीरी" (जरा थांबा), आणि मग खरंच थोडाच वेळ लागला. जुनी नळी कापून तांब्याची नवी नळी ब्रेझिंग करून दिली, खालचं टोक तिरकं कापून, तळापासून बोटभर वर, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही. पाण्यात बुडवून हवा मारून दाखवली, एक बुडबुडा नाही. पैसे विचारले तर चहाच्या वर थोडे. बेळगावात फाउंड्री आणि लेथ यांचं एवढं मोठं जाळं असताना आपण सुट्या भागांसाठी दिल्लीच्या दुकानांना फोन का करतो, कुणास ठाऊक.

टाकी खाली आहेच तर दुसरी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह बसवून रिझर्व्ह करावा, अशी माझ्या डोक्यात वीज चमकली. रात्रभर चित्रं काढली. सकाळी मामांनी एकच प्रश्न विचारला, "जोड वाढले की हवा घ्यायच्या जागा वाढतील की कमी होतील?" चित्रं फाडली. त्याऐवजी काटा दुरुस्त केला, आणि फीड पंपाचा किट, चार वायसर (चुंबकाने तपासलेले) आणि दोन मीटर पाइप सोबत घ्यायचं ठरलं.

बाकीचं थोडक्यात. कोणी विचारलं की बॉर्डर पार जातेय म्हणून सांगते, तर पुढचा प्रश्न ठरलेला: कोगनोळी की शिनोळी? आम्हा लोकांना कर्नाटक-महाराष्ट्राच्या दोन बॉर्डर घराजवळ असल्यामुळे नेपाळची सोनौली बॉर्डर पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. इन्शुरन्समध्ये नेपाळसाठी जिओग्राफिकल एक्स्टेन्शन घेतलं. एजंटने आयुष्यात पहिल्यांदाच ते केलं, मीच त्याला आयएमटी १ असं क्लॉजचं नाव सांगितलं. सोनौलीला भन्सार, म्हणजे गाडी नेपाळात न्यायचा जकात परवाना, काढायचा, तो दिवसावर असतो, म्हणून मुक्काम आधीच मोजून ठेवले.

डिझेलबद्दल मात्र लक्ष द्या. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मानकात हिवाळी डिझेलची सीएफपीपी मर्यादा ६ अंश आणि उन्हाळी डिझेलची १८. म्हणजे त्या तापमानाखाली मेण धरून फिल्टर चोंदू शकतो. मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर, रात्री पारा शून्याखाली. तेव्हा इथून कॅन भरून न्यायचे नाहीत, टाकी रिकामी करत करत उत्तरेत जायचं आणि थंड भागातलं डिझेल गोरखपूर-पोखऱ्याला भरायचं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलं, ते आपल्या वाटेवर नाही. रॉकेल मिसळायचा ट्रकवाल्यांचा तोडगा मला नको.

दिव्यांबाबत माझं मत बदललेलं नाही. एलईडी बार धुक्यात उलटा डोळ्यांवर येतो. पिवळे फॉग लॅम्प, बंपरच्या खाली, बस्स. गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीचं धुकं असतं, म्हणून दहा ते पाच एवढंच चालवायचं. मार्ग तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, नागपूर, जबलपूर, रीवा. तिथून आधी प्रयागराज धरलं होतं, पण जानेवारीत माघ मेळा, तेव्हा आता वाराणसीवरून. आणि जोमसोमच्या खोऱ्यात दुपारी वारा उठतो, म्हणून कागबेनी सकाळीच पार करायचं. एवढ्या उंचीवर टर्बो नसलेलं हे इंजिन तिसरा हिस्सा दम घालवणार. घालवू दे, आम्हाला घाई नाही.

परवापर्यंत निघायचा दिवस ९ जानेवारी होता. टाकीत मोजून बारा लिटर ठेवून, तोंड चढाला करून, चार सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली. काल रेडिएटरमधलं नळाचं पाणी काढून निम्मं कूलंट घातलं, कारण साधं पाणी गोठलं तर ब्लॉक फुटेल. तीस वर्षांचा गंज पाण्याने दाबून धरला होता, तो कूलंटने सोडवला. आज सकाळी जीप चालू झाली आणि खालच्या होजच्या गळ्यातून हिरवी धार. होज नवीन आहे, गळतंय रेडिएटरचं तोंड. जुना पितळी रेडिएटर डाग मारून घेऊ की अॅल्युमिनियमचा घेऊ यावर आण्णा आणि मी जेवताना बोलत नाही आहोत. माझं मत पितळेचं, कारण पितळेला नेपाळात बुटवलमध्येही डाग मारणारा मिळेल. निघणं आता १६ ला. कोणी एमएम ५४० ला अॅल्युमिनियमचा बसवला असेल तर वरच्या ब्रॅकेटची भोकं जुळली का, तेवढं सांगा.