ती खाच कशासाठी होती

अकरा वर्षं मी परवान्यावर पंप बनवले. ड्रॉइंग परदेशातून यायचं, आम्ही तसाच माल काढायचो. मापं मायक्रॉनपर्यंत दिलेली. ती तेवढीच का, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसायचं.

बेअरिंग कव्हरच्या आत, ऑइल सीलच्या मागे एक बारीक खाच होती. एका लॉटमध्ये ती पाडायची राहून गेली. बाकी सगळं मापात, त्यामुळे इन्स्पेक्शनमधून माल निघूनही गेला. टेस्ट बेंचवर तासाभरात सीलमधून तेल गळायला लागलं. आम्ही सील बदलले, शाफ्ट तपासला, सीलवाल्याला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी एका फिटरने जुनं आणि नवं कव्हर शेजारी ठेवून आतून बोट फिरवलं. सीलमागे साठणारं तेल परत खाली जायची ती वाट होती! अकरा वर्षांत पंप मला जेवढा कळला, त्यातला निम्मा त्या चार दिवसांत कळला असेल.

म्हणून एखाद्या देशाने 'तंत्रज्ञान आणलं' असं कुणी म्हटलं, की मी विचारतो, काय आणलं? मशीन की खाचेचं कारण?

तैवानने 1976 मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याची प्रक्रिया घेतली. ती तेव्हाही जुनाटच, चिपवरच्या रेषा 7 मायक्रॉन जाडीच्या. पण करारात प्रशिक्षण होतं, तरुण इंजिनिअर तिकडच्या कारखान्यांत राहून शिकले. परत येऊन त्यांनी सरकारी संस्थेत छोटा प्रायोगिक कारखाना चालवला आणि चांगल्या चिप्सचं प्रमाण आरसीएपेक्षाही वर नेलं. 1980 मध्ये त्यातूनच यूएमसी ही चिप कंपनी निघाली, 1987 मध्ये टीएसएमसी.

कोरियाच्या ह्युंदाईची गोष्ट मला जास्त जवळची. 1975 च्या पोनी गाडीत इंजिन मित्सुबिशीचं. पुढे स्वतःचं करायचं ठरलं, तर मित्सुबिशी इंजिनचं डिझाइन शिकवायला तयार नाही. मग इंजिन डिझाइन करणाऱ्या ब्रिटनच्या रिकार्डो कंपनीची मदत घेतली. सुरुवातीचे नमुने चाचणीत मोडत गेले. स्वतःचं अल्फा इंजिन आलं ते 1991 मध्ये.

इतकी वर्षं मोडतोड परवडते कुणाला? कोरियात आयातीवर बंधनं होती, स्वस्त कर्जं होती. पण ती कर्जं निर्यातीच्या आकड्यांशी बांधलेली. नुसतं संरक्षण मिळालं असतं तर आमच्यासारखेच तेही निवांत ड्रॉइंग गिरवत बसले असते, असं मला वाटतं.

आमचा करार संपल्यावर मोठ्या पंपाची मागणी आली. कव्हर मोठं केलं. खाच किती मोठी करायची, यावर टेबलाभोवती सगळे गप्प. शेवटी तीन वेगवेगळ्या मापांच्या खाचा पाडून तीन कव्हरं बेंचवर चढवली. दोन गळली.