बिलिंगमधून पुन्हा डिझाइनकडे

माझी सिव्हिलची डिग्री २००३ची. त्यानंतर साइट, आणि मग बिलिंग. बिलासाठी लागणारी क्वांटिटी, म्हणजे किती काँक्रीट, किती सळई, झोपेतही काढेन. ऑफिसच्या डिझाइन टीममध्ये जागा निघाली तेव्हा मी विचारायला गेले, तर सरांनी एकच विचारलं, "मोड शेप म्हणजे काय, आठवतंय का?" शब्द आठवत होता, बाकी सगळा आनंद. थोडी मुदत मागून घेतली.

क्लास लावायचा नव्हता. इंटरनेटवर फुकटात इतकं पडलंय की निवडण्यातच वेळ जातो. एक एनपीटेल, म्हणजे व्हिडिओ लेक्चरं आणि ऑनलाइन कोर्स, आपल्या आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचं, २००३पासूनचं. दुसरं अमेरिकेतल्या एमआयटीचं ओपनकोर्सवेअर. तिथे नाव नोंदवायला लागत नाही आणि सर्टिफिकेटही मिळत नाही, पण बऱ्याच कोर्सना जुने पेपर उत्तरांसकट जोडलेले असतात. मला खरा उपयोग त्यांचाच झाला. आधी पेपर सोडवायला घ्यायचा, हात अडेल तेवढंच लेक्चर बघायचं. पहिल्यापासून बघत बसले असते तर बीएमडी (बीम कुठे किती वाकतो त्या बलाची आकृती) काढण्यातच पावसाळा सरला असता, आणि ते मला येतच होतं.

अडलं आयगनव्हॅल्यूवर, म्हणजे मॅट्रिक्समधून (आकड्यांच्या चौकटीतून) निघणाऱ्या खास आकड्यांवर; त्यांच्या जोडीला येतात ते आयगनव्हेक्टर. कॉलेजात हा विषय केटी लागू नये एवढ्यापुरता केलेला. गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनियर अल्जेब्राची लेक्चरं १९९९ सालची, खडू-फळ्यावरची, पण बघत राहावीशी वाटतात. त्यानंतर तीन मजली इमारत कागदावर घेतली. प्रत्येक मजल्याचं वजन स्लॅबपाशी एकवटलेलं धरायचं, कॉलमचा ताठरपणा स्प्रिंगसारखा, की तीन बाय तीनचं मॅट्रिक्स तयार. त्याच्या आयगनव्हॅल्यू म्हणजे इमारतीच्या तीन नैसर्गिक वारंवारितांचे वर्ग आणि आयगनव्हेक्टर म्हणजेच मोड शेप, त्या वारंवारितेला हलताना इमारत घेते तो आकार! पहिल्या मोडमध्ये तिन्ही मजले एकाच बाजूला झुकतात, पुढच्या मोडमध्ये काही मजले उलट जातात. आयएस १८९३, म्हणजे भूकंपासाठीचा आपला कोड (नियमावली), म्हणतो, मोडल मासची, म्हणजे प्रत्येक मोडच्या वाट्याला येणाऱ्या वजनाची, बेरीज एकूण वजनाच्या निदान ९० टक्के होईल इतके मोड घ्या. ही अट सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये मी कित्येकदा नुसती उलटून पुढे गेले होते. या कोडच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई भूकंपाच्या झोन तीनमध्ये, म्हणजे हे रोजचंच काम.

परदेशी प्राध्यापक आपले कोड शिकवणार नाहीत, तिथे एनपीटेलच हवं. आम्ही स्टील शिकलो ते आयएस ८०० या स्टीलच्या कोडच्या १९८४च्या आवृत्तीवर, वर्किंग स्ट्रेसने, म्हणजे रोजच्या भाराखाली ताण ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा. २००७पासून लिमिट स्टेट आलं, म्हणजे भार वाढवून धरायचे आणि बांधकाम निकामी होण्याची हद्द तपासायची. एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सला नाव घातलं. शिकणं फुकट, परीक्षेची फी हजार रुपये, आणि ती केंद्रावर जाऊन द्यायची. परीक्षेला ७५ गुण, उरलेले २५ बारापैकी उत्तम आठ असाइनमेंटचे. सर्टिफिकेट ऑफिसात कुणी मागितलं नाही. पण दर आठवड्याची मुदत डोक्यावर नसती तर स्वयंपाक आटोपून कोण बसतंय!

लोकलचं म्हणाल तर डोंबिवलीहून गाडीत उभ्याने गणिताचं लेक्चर ऐकणं निरर्थक. फळा दिसायला हवा आणि हातात पेन हवं. डब्यात मी फक्त डाउनलोड केलेल्या नोट्स वाचायचे, त्याही सीट मिळाली तर.

डिझाइनला बदली झाली. सध्या आयएस १३९२०, म्हणजे भूकंपात टिकण्यासाठी काँक्रीटमधल्या सळया कशा बांधायच्या त्याचा कोड, चाललंय. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगची टोकं १३५ अंशांत वळव, असं साइटवर वर्षानुवर्षं सळई बांधणाऱ्या फिटरला दटावत आले. कारण आत्ता नीट वाचलं: भूकंपात कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, गळून पडलं की ९० अंशांचा हूक उघडतो, आणि आतलं काँक्रीट आवळून धरायला रिंगच उरत नाही.