भांड्यावर नाव घालतात तसं: नाचणीला घेऊन नाशिकचे चार दिवस

आमची नाचणी गावठी कुत्री आहे. रंग नावाप्रमाणे, पाठीवर पुसट पट्टे, शेपटीचं टोक पांढरं. पुण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी सापडली तेव्हा तिचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, त्याची खूण म्हणून एका कानाला व्हीसारखी खाच आहे. ही खाच पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गाडी म्हणजे दिरानं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन केलेलं चालतं घर. मागे पलंग, बाजूला ओटा, छतावर पंखा आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नवरा, मी आणि नाचणी असे तिघं निघालो. बोक्याला सासूबाईंकडे ठेवलं. मांजराला माणसापेक्षा जागा प्यारी असते, त्याला रोज नव्या गावात उठवण्यात काही अर्थ नाही. कुणाला न्यायचंच असेल तर गाडी चालू असताना पिंजऱ्यात ठेवा, ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टा घाला, आणि सकाळी स्टार्टर मारण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. थंडीत मांजरं इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात.

पुणे ते नाशिक साधारण २१० किलोमीटर. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा सरळ रस्ता. नाचणीला छातीचा हार्नेस आणि तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवलेला. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून ती सीटला अडकवू नका, जोरात ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो. दर दोन तासांनी थांबायचं. उतरताना आधी दोरी हातात, मग दार. हा नियम आम्ही संगमनेरपर्यंत अगदी देवपूजेसारखा पाळला. नाशिकला पोहोचल्यावर सैल पडलो.

पहिला मुक्काम गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ, एका शेतघराच्या आवारात. सकाळी धुकं, पाण्यावर बदकं, जॅकेट घालून चहा. नाचणी काठच्या चिखलात मनसोक्त लोळली. धरणाचं पाणी नाशिककर पितात, त्यात कुत्रं धुवायचं नाही एवढी अक्कल आम्हाला होती. म्हणून ठरलं, संध्याकाळी पुढच्या मुक्कामी नळीखाली धुऊ.

पुढचा मुक्काम दिंडोरी तालुक्यात, ओळखीतून मिळालेल्या एका द्राक्षबागेच्या कडेला. तोडणीचे दिवस, बागेत क्रेटच्या थप्प्या, मजुरांची लगबग. तिला धुतलं, पुसलं, ओला पट्टा सुकायला आरशाला अडकवला. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. पट्टा आरशाला आणि कुत्री बाहेर.

रात्री साडेनऊच्या सुमाराला पलीकडच्या वस्तीवरून वरात निघाली. डीजेचा धडधडाट तिनं सोसला, पण सुतळी बॉम्बची माळ लागली तशी ती पलंगाखालून बाणासारखी सुटली. सरकतं दार मी वीतभर उघडं ठेवलं होतं, हवेसाठी. त्या फटीतून वीस किलोची कुत्री जाऊ शकते असं मला दुपारी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

बॅटरी घेऊन मी बागेत शिरणार तेवढ्यात बागवाल्या काकांनी हात धरला. "ताई, बागेत नका शिरू. पलीकडं ऊस हाये. मागच्या महिन्यात आमची कालवड नेली बिबट्यानं." नाशिक जिल्ह्यात बिबट्याचा वावर ही काही कहाणी नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरी, जिथे ऊस तिथे तो. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. मला हे माहीत होतं. माहीत असणं आणि रात्री दहाला उसाकडे बघत उभं राहणं यात फरक आहे.

काकांनी जे सांगितलं ते आम्ही केलं आणि तुम्हालाही तेच सांगते. गाडी जागेवरून हलवायची नाही. दार उघडं, आतला दिवा चालू, तिचं अंथरूण आणि माझा घातलेला स्वेटर पायरीवर. ओरडत धावायचं नाही, घाबरलेलं कुत्रं मालकाच्या धावण्यालाही घाबरतं. एकानं गाडीपाशी बसायचं, दुसऱ्यानं रस्त्यानं, रस्ता न सोडता, आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत चालायचं. आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो.

इथे माझी दुसरी फजिती. फोनमध्ये नाचणीचे शेकड्यांनी फोटो, आणि सगळे लाडाचे: नाक कॅमेऱ्याला चिकटलेलं, गोधडीतून डोळे, टोपी घातलेली. कुत्री ओळखता येईल असा एक नाही. शेवटी एका फोटोच्या कोपऱ्यात ती आडवी उभी सापडली, तो कापून पाठवला. निघण्याआधी तीन फोटो काढून वेगळे ठेवा: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा. उभी असताना, उजेडात, काही न घालता. चौथा तुमच्यासोबतचा, मालकी सांगायला. गावठी कुत्र्याच्या बाबतीत हे जास्तच गरजेचं, कारण लॅब्राडोर हरवला तर गाव बघतं, नाचणी हरवली तर तिच्यासारख्या चार तिथेच उभ्या असतात.

चिप होती का? होती. दोन वर्षांपूर्वी खांद्यांच्या मधे टोचून घेतलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यावर मी निर्धास्त होते. त्या रात्री कळलं की चिपवर किती भरवसा ठेवायचा ते. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतो, नावपत्ताही नसतो. असतो तो फक्त १५ आकडी क्रमांक, आणि तोही स्कॅनर टेकवला तरच दिसतो. उसाच्या मळ्यात स्कॅनर कुणाकडे असणार? आपल्याकडे साऱ्या देशाची मिळून एकच नोंदवहीही नाही, ज्या कंपनीची चिप तिच्याकडे नोंद. आमच्या नोंदीत माझा जुना नंबर होता, बंद केलेला. म्हणजे स्कॅनर असता तरी फोन लागला नसता. चिप जरूर टोचून घ्या. कुत्रं कुणाचं यावर वाद झाला तर तोच पुरावा, आणि परदेशी न्यायचं झालं तर बऱ्याच देशांत लागतेच. पण क्रमांक लसीच्या पुस्तकात लिहून घ्या, नोंदीतला फोन तपासा, आणि लसीला गेलात की डॉक्टरांना एकदा स्कॅन करून बघायला सांगा, चिप कधीकधी जागेवरून सरकते.

ट्रॅकरचंही तसंच. ब्लूटूथचा बिल्ला आसपासच्या लोकांच्या फोनच्या जिवावर चालतो, रात्री बागेत फोन कुठून येणार? सिमकार्डवाला जीपीएस चांगला, पण जिथे रेंज नाही तिथे तो नुसता लोलक. आणि दोन्ही पट्ट्याला लावायचे असतात. पट्टा कुठे होता ते सांगितलंच आहे.

सकाळी साडेसहाला काकांचा फोन वाजला. दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर शेळ्यांच्या शेजारी, दाव्याला बांधलेली नाचणी बाजरीची भाकरी खात होती. ज्यांनी बांधलं ते दादा म्हणाले, "कानाला कात्री लागलेली दिसली. म्हटलं, शहरातून कुणीतरी आणून सोडलेली दिसतीये. रात्री बिबट्यानं धरली असती, म्हणून बांधून ठेवली."

त्यांचं काय चुकलं? कानाची खाच म्हणजे नसबंदी झालेलं मोकाट कुत्रं, ही खूण सगळीकडे तीच. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे अशी कुत्री ऑपरेशननंतर जिथून उचलली तिथेच परत सोडायची असतात, पण शहरातली कुत्री रातोरात गावात येऊन पडतात ही तक्रार मी नंतर तीन जणांकडून ऐकली. थोडक्यात, नाचणीच्या अंगावर ओळख होती, फक्त ती "ही कुणाचीच नाही" अशी होती. तुमचं कुत्रंही असं दत्तक घेतलेलं असेल तर पट्टा हा दागिना नाही, तोच तिचा सातबारा.

पुढची काळजी द्राक्षांची. रात्रभर ती बागेतून फिरली होती आणि तोडणीच्या दिवसांत घडातून गळलेले मणी जमिनीवर पडलेले असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. किती खाल्ल्यावर होईल याचा हिशोब नाही, एखाद्याला थोडेही बाधतात. नाशिकचं दुसरं वैभव कांदा, तोही विषारी. कच्चा, शिजलेला, तळलेला, कसाही. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे नाशिकच्या पाहुणचारातलं अर्धं ताट कुत्र्याला बाद: मिसळीचा रस्सा नाही, चिवडा नाही, बागेतला घड नाही. लोक प्रेमानं देतात, तुम्ही प्रेमानं नाही म्हणा. बागेत औषधफवारणीही असते, म्हणून फिरून आल्यावर पाय धुवा, नाहीतर ती ते चाटते.

शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, उलटी झाली का, किती तास झाले. खाल्ल्यापासून तासा-दोन तासांत नेलं असतं तर उलटी करवता आली असती, ती वेळ टळली होती. त्यांनी मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी केली आणि दोन दिवसांनी पुन्हा करायला सांगितली, कारण बिघाड दिसायला दिवस जातात. दोन्ही वेळा ठीक निघालं. मात्र शेळ्यांच्या संगतीत कानामागून अकरा गोचीड मिळाले. गोचिडाचा ताप आपल्याकडे कुत्र्यांना चांगलाच लोळवतो, तेव्हा बोटांच्या बेचक्यांतही बघा. लसीचं पुस्तक आम्ही पुण्यात विसरलो होतो, पण त्याचा फोटो होता, त्यानं निभावलं.

आता मुख्य काम. पट्ट्याला आधी ऑनलाइन घेतलेला क्यूआर कोडचा बिल्ला होता. दिसायला झकास. पण तो वाचायला स्मार्टफोन लागतो, नेट लागतं आणि स्कॅन करायची इच्छा लागते. त्या दादांकडे बटणांचा फोन होता. नवऱ्याला कल्पना सुचली, आणि क्वचित सुचते म्हणून लिहून ठेवते: भांडी बाजार. लग्नात आलेल्या ताटवाट्यांवर नाव घालून देतात, तीच मशीन. एका दुकानात पितळेचा रुपयापेक्षा थोडा मोठा गोल तुकडा मिळाला. दुकानदार काकांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाकडून कुणाला लिहायचं?"

बराच खल करून मजकूर ठरला. पुढे: नाचणी. पाळलेली आहे. फोन करा. मागे दोन नंबर. अक्षरं मराठी, कारण जो माणूस तिला धरणार तो मेंढपाळ असेल, मजूर असेल, शाळेतलं पोर असेल. आकडे मात्र इंग्रजी, फोनच्या बटणांवर असतात ते. एक नंबर माझा, दुसरा सासूबाईंचा, कारण आम्ही दोघं एकाच गाडीत म्हणजे दोघांची रेंज एकदमच जाणार. पत्ता घातला नाही, आपण घरी नसतोच. खर्च साठ रुपये. लोंबणारा बिल्ला झुडपात अडकून तुटतो म्हणून दुसरा तसाच तुकडा चांभाराकडून पट्ट्यावर सपाट ठोकून घेतला. ज्या पट्ट्यात कुत्रं झोपतं तो ओढ लागल्यावर आवळणारा नको, साधा हवा, आणि दोन बोटं जातील इतका सैल. आंघोळीसाठी काढायचा तर दुसरा तयार ठेवा. सरकत्या दाराच्या आत आम्ही लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक बसवलं. दार उघडं, फाटक बंद.

उरलेले दोन दिवस शहाण्यासारखे गेले. पंचवटीत आळीपाळीनं गेलो, एक जण कायम गाडीत. छतावर पंखा आहे म्हणून कुत्रं ठेवून जाता येत नाही, बॅटरी बसली की पंखा थांबतो आणि तुम्हाला कळतही नाही. बाहेर २१ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० होतात. फेब्रुवारीतलं नाशिकचं दुपारचं ऊन त्याहून कितीतरी चढं असतं. नांदूर मध्यमेश्वरलाही तेच केलं. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, तिथे कुत्र्याला आत नेता येत नाही आणि नेऊही नये. नवरा मनोऱ्यावरून दोन तास पक्षी बघून आला. मी गेले तेव्हा उन्हं चढून पक्षी लांब गेले होते. यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.

परतताना आळेफाट्याच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्याचा दहाएक वर्षांचा मुलगा नाचणीपाशी बसून बिल्ला वाचत होता, एकेक अक्षर लावून. आम्ही भज्यांची ऑर्डर देत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला, सासूबाई. आवाज कापरा.

"अगं, आळेफाट्याहून कुणीतरी फोन केलाय. परत पळाली का ती?"

मुलानं वडिलांचा फोन लपवत सांगितलं, "तिच्यावर लिहिलंय ना, फोन करा."