सहावा महिना आणि स्केल वन

बँकेतला क्लार्क स्केल वन, म्हणजे ऑफिसरच्या पहिल्या पायरीवर गेला की सगळ्यात आधी त्याचं गाव सुटतं. पगार वाढतो, सहीला वजन येतं, पण त्याच्याही अगोदर पोस्टिंगची ऑर्डर येते आणि ती राज्याच्या कुठल्याही टोकाची असू शकते. म्हणून प्रमोशनची परीक्षा द्यायची का, याची चर्चा आमच्याकडे घराघरांत होते. आमच्या घरीही झाली होती आणि सगळ्यांनी हो म्हटलं होतं. तेव्हा बाळाची चाहूल नव्हती. डिसेंबरात लेखी परीक्षा दिली तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं, आणि फेब्रुवारीत मुलाखतीला पुण्याला गेले तेव्हा चौथा महिना संपत आला होता. पीककर्ज एनपीए, म्हणजे थकून अनुत्पादक, कधी धरतात, असं पॅनेलने विचारलं. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थकल्यावर, जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम. सांगलीत हळद, ऊस आणि द्राक्षांच्या खातेदारांमध्ये दिवस काढलेल्या माणसाला हे पाठच असतं.

निकालाचं सर्क्युलर 29 मार्च 2023 ला, बुधवारी संध्याकाळी आलं. यादीत माझं नाव होतं आणि नावापुढे विभाग होता, धुळे. धुळे विभागात आमच्या बहुतेक शाखा शहादा, तळोदा, शिरपूर या पट्ट्यातल्या. सांगलीहून शहादा सहाशे किलोमीटरच्या पुढे. तिथे रेल्वे नाही, नंदुरबारला उतरून पुढे एसटी. आणि जॉइन व्हायचं ते ऐन मे महिन्यात, तापीकाठच्या उन्हाळ्यात, आठवा महिना लागताना. स्वीकृती किंवा नकार सोमवारी, 3 एप्रिलला संध्याकाळी पाचच्या आत शाखेमार्फत कळवायचा होता. आमच्या बँकेत नकार दिला की दोन वर्षं डेबार, म्हणजे परीक्षेलाच बसता येत नाही.

गुरुवारी रामनवमीची सुट्टी होती. त्या दिवशी मी कुणाशीच फार बोलले नाही. आणि शुक्रवारी 31 मार्च, वर्षाची क्लोजिंग.

ज्यांनी बँकेत काम केलंय त्यांना 31 मार्च काय असतो ते सांगायला नको. त्यातून आदल्या दिवशी सुट्टी, म्हणजे दोन दिवसांची गर्दी एका दिवसात. सरकारी भरण्याची चलनं घेऊन आलेले लोक, पीककर्ज नवं-जुनं करायला आलेले शेतकरी, व्याजाचा दाखला आजच पाहिजे म्हणणारे पेन्शनर. पॅन-आधार जोडणीची मुदत त्याच आठवड्यात 30 जूनपर्यंत वाढली होती, तरी तेच विचारायला येणाऱ्यांची रांग वेगळीच. मी कॅश काउंटरला होते. शिपाई मामांनी माझ्या खुर्चीला पाठीशी उशी बांधून दिली होती आणि कॅशची पेटी उचलायला मला हात लावू देत नव्हते. "ताई, तुमी फक्त मोजा," म्हणायचे.

सकाळी काउंटर उघडतानाच मॅनेजर साहेब एक कागद ठेवून गेले. नकाराच्या अर्जाचा नमुना होता, टाइप करून, प्रिंट काढून. 'कौटुंबिक कारणास्तव पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे.' खाली माझं नाव, एम्प्लॉयी नंबर आणि सहीची जागा. "मॅडम, या अवस्थेत उगीच दगदग नको. सही करून ठेवा, मी सोमवारी फॉरवर्ड करतो. दोन वर्षांनी परीक्षा आहेच की." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. क्लोजिंगच्या दिवशी वेळ काढून त्यांनी तो स्वतः टाइप केला होता. तो कागद दिवसभर नोटा मोजायच्या मशीनखाली दबलेला राहिला. मशीन फिरलं की त्याचं टोक थरथरायचं आणि माझं लक्ष तिकडे जायचं.

बाळाने त्या दिवशी दुपारी बऱ्याच लाथा मारल्या. पाचशेचं पाकीट मोजता मोजता मध्येच थांबावं लागे, मग पुन्हा पहिल्यापासून. रांगेतल्या एका मावशींनी ते ओळखलं आणि मागच्या माणसाला दटावलं, "दम धरा जरा."

अधूनमधून प्रत्येकाने सल्ला दिला. एक जण म्हणाला, जॉइन होऊन पंधरा दिवसांत सहा महिन्यांच्या रजेवर जाणार, तिथला मॅनेजर काय म्हणेल? दुसरी म्हणाली, पहिलं बाळंतपण आहे, माहेरी नीट होऊ दे, नोकरी कुठे पळून जात नाही. सगळं मायेपोटीच चाललेलं. पण एक गोष्ट मला दिवसभर बोचत होती. मला यातलं काय पाहिजे, हे कुणी विचारत नव्हतं. सगळे बाळाची आणि बँकेची सोय बघत होते.

मला काय पाहिजे होतं, ते मला ठाऊक होतं. मला कर्जाचं काम करायचं होतं. काउंटरवर बसून मी बघत आले होते की एखाद्या बचत गटाची फाइल पाहणीला ऑफिसर नाही म्हणून महिनोन् महिने पडून राहते. बायका पासबुक भरायला येतात तेव्हा दर वेळी तेच विचारतात आणि आपण दर वेळी साहेबांकडे बोट दाखवतो. ती फाइल उघडून, त्यांच्या गावात जाऊन, त्यांचं रजिस्टर बघून, खाली सही करायचा अधिकार मला हवा होता.

रात्री नऊच्या पुढे कॅश टॅली झाली. माझ्या ड्रॉवरची रक्कम हेड कॅशियर मॅडमकडे सोपवायची होती. स्ट्राँगरूमला दोन चाव्या लागतात, एक त्यांच्याकडे, दुसरी ऑफिसरकडे, आणि ऑफिसर वर रिजनल ऑफिसच्या फोनवर अडकले होते. आम्ही दोघी स्ट्राँगरूमच्या दाराशी बाकावर बसलो. मॅडम येत्या ऑगस्टला रिटायर होणार होत्या. नोटांची पाकिटं सरळ करताना माझ्या हातातला तो कागद त्यांना दिसला. त्यांनी घेतला, वाचला, आणि म्हणाल्या, "अगदी अस्साच होता. फक्त हाताने लिहिलेला."

1991 साली त्यांनाही ऑफिसरची ऑर्डर आली होती, लातूरकडची. त्या वेळी पाचवा महिना. "मामंजींनी रात्रीच अर्ज लिहून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. सकाळी डबा भरता भरता मी सही केली. वाचलासुद्धा नाही ग."

मी विचारलं, "वाईट वाटतं का?"

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाईट नाही वाटत. सांगली सुटली नाही, मुलगी डोळ्यांसमोर वाढली, सुखात राहिले मी. कदाचित मी लिहिला असता तरी नकारच लिहिला असता. पण तो मी लिहिला नाही. तू तुझा लिही. हो लिही, नाही लिही, पण तुझं तू लिही."

तेवढ्यात ऑफिसर चावी घेऊन आले. कॅश आत गेली, दार लागलं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई आणि नवरा जेवायचे थांबले होते. नवरा बुधवारपासून एकच वाक्य म्हणत होता, "तू ठरवशील ते." त्याच्या मनात खरोखर तसंच होतं. पण त्या रात्री मला त्या वाक्याचा राग आला. 'तू ठरव' म्हटलं की निर्णय माझा, आणि त्याच्यामागून येणारी सगळी ओढाताणही माझीच. मी म्हटलं, "तू मला परवानगी देऊ नकोस. मी गेले तर तू काय काय करशील, ते सांग." तो गप्प झाला. मग उठून कॅलेंडर घेऊन आला. तो हायस्कूलला शिक्षक आहे. मेच्या सुरुवातीपासून 15 जूनपर्यंत शाळेला सुट्टी. "सुट्टीभर मी तुझ्याबरोबर येतो," तो म्हणाला. "खोली बघणं, गॅस, डॉक्टर, सगळं माझ्याकडे. रजा संपल्यावर शनिवार-रविवार मी येत जाईन, तू धावपळ करायची नाहीस." सासूबाई म्हणाल्या, बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे? त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. आठव्या महिन्यात इतका लांबचा प्रवास करायचा नाही, हे आमच्या डॉक्टरांनीही बजावलं होतं. धुळे मला नकोच होतं. प्रमोशन हवं होतं.

या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे मला शनिवारी कळलं. 1 एप्रिलला बँक ग्राहकांसाठी बंद असते, आम्ही आत होतो. दुपारी मी ऑफिसर्स असोसिएशनच्या एका ज्येष्ठ प्रतिनिधींना फोन लावला. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "मॅडम, स्वीकृतीत अट घालू नका. स्वीकृती बिनशर्त द्या आणि पोस्टिंगची विनंती वेगळ्या अर्जात करा." मग एकेक गोष्ट समजावून सांगितली. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन रजा 12 आठवड्यांची 26 झाली, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीच्या आधी घेता येतात. त्या रजेच्या काळात नोकरीच्या अटी रजेवरच्या बाईचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. वित्त मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने 2014 मध्येच सरकारी बँकांना कळवलंय की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवरा असेल त्या ठिकाणी किंवा त्याच्या जवळ पोस्टिंग द्यावं. "शक्यतो म्हटलंय, म्हणजे हक्क नाही," ते म्हणाले, "पण अर्जात हा उल्लेख असला की नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं."

रजेवर जाणार म्हणून जॉइन व्हायची लाज वाटते, असं मी त्यांना म्हणाले. तेव्हा त्यांनी स्टेट बँकेची आठवण करून दिली. 31 डिसेंबर 2021 च्या परिपत्रकात तिथे म्हटलं होतं की तीन महिन्यांपेक्षा जास्त गरोदर असलेली उमेदवार तात्पुरती अपात्र, प्रसूतीनंतर चार महिन्यांच्या आत जॉइन व्हावं. नव्या भरतीबरोबर प्रमोशनलाही ते लागू होणार होतं. दिल्ली महिला आयोगाने नोटीस काढली, देशभर टीका झाली आणि जानेवारी 2022 संपायच्या आत बँकेने तो बदल स्थगित केला. "इतक्या जणींनी आवाज केला तेव्हा कुठे ते थांबलं," ते म्हणाले. "तुमच्यावर तर असली बंदी कुणी घातलेलीच नाही. ती तुम्ही आपणहून का लावून घेता?"

रविवारी मी दोन्ही कागद हाताने लिहिले. स्वीकृती दोन ओळींची. विनंतीचा अर्ज दीड पानाचा, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि नवऱ्याच्या शाळेचा दाखला सोमवारी जोडायचा. मॅनेजर साहेबांनी दोन्ही वाचले. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि विनंतीच्या अर्जावर स्वतःच्या पेनाने 'शिफारस' लिहून सही केली. ते मला अपेक्षित नव्हतं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. टाइप केलेला नमुना त्यांनीच परत मागून घेतला आणि फाडला.

एप्रिलच्या अखेरीस ऑर्डर बदलून आली, पंढरपूर. मिरजेहून थेट रेल्वे आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात मी जॉइन झाले, नवरा सुट्टीभर सोबत राहिला, आणि डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी रजेवर गेले. नव्या शाखेत एका सहकाऱ्याने तोंडावर विचारलं, "मग आलाच कशाला?" मी म्हटलं, "परत येण्यासाठी." जुलैत सांगलीला मुलगी झाली. जानेवारीत तिला आणि माझ्या आईला घेऊन मी पंढरपूरला परत आले.

ते महिने सोपे नव्हते, ते लपवण्यात अर्थ नाही. कायद्याने पाळणाघर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले तरच लागतं, आमच्या शाखेत दहासुद्धा नव्हते. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ मिळतो, तो मी मागून घेतला आणि खोली शाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर शोधली. भाडं जास्त पडलं. आईचे गुडघे दुखत होते आणि तरी ती राहिली. तिच्याशिवाय हे झालं नसतं, म्हणून ज्यांच्याकडे अशी आई नाही त्यांना मी सरसकट 'हो म्हणा' असं सांगणार नाही. त्यांनी नकार दिला तर तोही पूर्ण विचाराचा नकार असेल. बँकांनी शाखा एकत्र येऊन तालुक्याला एक पाळणाघर तरी चालवावं, असं मला फार तळमळीने वाटतं. एका छोट्या शाखेला ते झेपत नाही, पण एका गावात चार-पाच बँका असतात.

फेब्रुवारीत पहिली पाहणी मंगळवेढ्याकडे होती. काढणीला आलेली ज्वारी, आणि त्यापलीकडच्या वस्तीवर बचत गटाच्या बायका रजिस्टर घेऊन बसलेल्या. शेळीपालनासाठी कर्ज हवं होतं. मी दोन तास बसून प्रत्येकीचा हप्ता तपासला, शेळ्या बांधायची जागा बघितली, आणि त्याच आठवड्यात मंजुरीच्या कागदावर सही केली.

प्रोबेशन रजेमुळे लांबलं, पण कन्फर्मेशन झालं. सासूबाई सुट्टीत येतात, नातीला चंद्रभागेवर नेतात, आणि वर्षभर थांबायला हवं होतं असं अजूनही म्हणतात. त्यावर आमचं एकमत व्हायचं नाही. मी त्यांना ते पुन्हा पटवायलाही जात नाही. आता आमच्या शाखेतल्या ज्या क्लार्क मुली परीक्षेला बसतात त्यांना मी असोसिएशनचा तो नंबर आणि माझ्या दोन्ही अर्जांची प्रत देते.