पाच फुटी टाकी आणि एक दाभण

२ फेब्रुवारी, रविवार

सहकारनगरला जाऊन एका काकांनी विकायला काढलेली समुद्री माशांची टाकी बघून आले. फोनवर काकांनी पहिलं विचारलं होतं, "मिस्टर येणार आहेत का बघायला?" म्हटलं, मिस्टरांना मासा फक्त ताटात ओळखता येतो, मीच येणार आहे. पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि मग पत्ता.

पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. बारा मिलिमीटरची काच, वय वर्षं आठ. माझी घरची टाकी सत्तर लिटरची. ही भरली तर ५६०, खालच्या कपाटातल्या संपचं (टाकीचं पाणी जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती छोटी टाकी) पाणी वेगळं. काका अडुसष्टचे, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. वीस लिटरचे कॅन उचलायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय. काकूंनी चहा ठेवला आणि भिंतीकडे हात करून मला सांगितलं, "इथे दिवाण यायचाय. आठ वर्षं सांगतेय."

दगडांवर गुलाबी-जांभळी चुनखडी शेवाळाची साय इतकी दाट चढली आहे की मला शंकाच आली. समुद्रातून खणून आणलेले असतील तर नको होते. चाचरत विचारलं. काका खूश झाले. म्हणाले, गच्चीत केलेत. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि भरपूर जाडं मीठ. मीठ विरघळून गेलं की त्या जागी भोकं राहतात, बॅक्टेरिया त्यात घर करतात. मग तीन महिने पिंपात पाणी बदलत भिजवायचे, नाहीतर ताज्या सिमेंटने पाण्याचा पीएच आकाशाला भिडतो. "आणि कडक प्रवाळ मागू नका, माझ्याकडे नाही. २००१ सालापासून तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. वाघ पाळता का घरात?"

नाही पाळत. मालवणला सिंधुदुर्गाच्या मागे पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं होतं तेव्हा जो कडक प्रवाळ पाहिला, तो तिथेच बरा. (१९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक गृहस्थ पायात फिन घालून त्याच प्रवाळावर उभे राहून फोटो काढून घेत होते.) काकांकडे आहेत ते प्रवाळाचे मऊ प्रकार: झोआ, मशरूम, हाताएवढा एक लेदर. आणि क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत वाढलेली. क्लाउनफिश जन्मतात ते नरच, जोडीतला मोठा मग मादी होतो, हे मला माहीत होतं. काकू म्हणाल्या, "मोठी ती बाई. छोट्याने तिच्या पुढे जायचं नाही." काका चहात बघत राहिले.

पासष्ट हजार, अख्खं. चिलर (पाणी गार ठेवणारा), स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारा), दिवे, सगळं धरून. घासाघीस करायचा धीर झाला नाही.

९ फेब्रुवारी

भाऊ येऊन गेला. तो सिव्हिलवाला, त्यामुळे आधी हसला आणि मग टेप घेऊन भिंतीला चिकटला. पाणी, काच, लोखंडी स्टँड, दगड, संप मिळून नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे पाच बाय दोनच्या जागेत पंधरा माणसं कायमची उभी. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात, आणि इथे चौरस मीटरला जवळजवळ टन. हॉलच्या मधोमध ठेवायचं माझं स्वप्न तिथेच संपलं. आतल्या भिंतीखाली बीम आहे, टाकी त्या भिंतीला लांबीने लावायची, हा त्याचा निकाल. सोफा आता गॅलरीच्या दारात येतोय. नवऱ्याने सोफ्याकडे असं पाहिलं की जणू तोच विकायला काढलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

अंग मोडून आलंय, तरी लिहून ठेवते.

शनिवारी सकाळी काकांकडे टाकी रिकामी केली. मासे, झोआ आणि दगड दोन निळ्या पिंपांत, जुन्याच पाण्यात. शिवाय वीस लिटरच्या बारा जारमध्ये आणखी जुनं पाणी. काकांनी तीनदा सांगितलं ते असं: झोआंना हात लावताना हातमोजे, आणि झोआ बसलेला दगड गरम पाण्याने कधीही धुवायचा नाही, उकळायचा तर नाहीच. काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, त्याची वाफ छातीत गेली की माणूस थेट दवाखान्यात. वाळू टाकून द्या म्हणाले. वरून पांढरीशुभ्र होती, खोरं घातलं आणि खालून काळी निघाली. सडक्या अंड्यांचा असा वास सुटला की काकू देवघराचं दार लावून आत बसल्या.

छोटा हत्ती, चार हमाल, ओली गोणपाटं. सव्वाशे किलोची रिकामी काच वारज्यापर्यंत आणताना प्रत्येक स्पीडब्रेकरला मी डोळे मिटले. वर चढवायच्या आधी पार्किंगमध्ये थर्माकोलवर ठेवून साध्या पाण्याने भरली. आठ वर्षांच्या सिलिकॉनवर डोळे झाकून विश्वास ठेवायला मी काही नवखी नाही. तासाभरात सेक्रेटरी हजर. "मॅडम, गुरुवारी पाणी बंद असतं, आणि तुम्ही सोसायटीच्या नळाने तळं भरताय?" त्यांना लेखी दिलं की उद्या हेच पाणी बागेला आणि जिन्याला जाईल. वॉचमनने रात्री दोनदा वर येऊन सांगितलं की थेंब नाही. आज संध्याकाळी पाणी सोडलं, जिना खरंच धुतला, आणि दुसऱ्या मजल्यावर टाकी चढवली. लिफ्टमध्ये मावत नाही. वळणावर एक हमाल म्हणाला, "ताई, यात माणूस पोहणार का?"

स्टँडचं कपाट पुसताना आतल्या बाजूला खिळ्याला दोऱ्याने बांधलेला एक गंजका दाभण सापडला. पोत्याला टाके घालतात तसा. लेकीच्या पायात जायचा म्हणून कचऱ्यात टाकला.

२० फेब्रुवारी

पुण्यात समुद्र नाही, तो गाळून काढावा लागतो. पाणी आधी आरओमधून, मग रेझिनच्या नळकांड्यातून, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य येईपर्यंत. (घरच्या प्यायच्या आरओचं चालत नाही, चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं.) माझं यंत्र तासाला बारा लिटर देतं. जुनं पाणी वगळून लागणार होतं साडेतीनशेच्या वर, म्हणजे तीस तास नळाची करंगळीएवढी धार. टाकाऊ पाणी त्याच्या दुपटीहून जास्त. दोन्ही बाथरूमच्या बादल्या, भांडी, टब, सगळं भरून झालं. सासूबाई तीन दिवस फरशी पुसतायत आणि मला टोमणा न मारता पुसतायत, हे जास्त बोचतं. मग मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या पुढेच. स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यात चमचा घालताना आता हात हसतो.

२३ फेब्रुवारी

पाणी, दगड, पंप, सगळं जागेवर. मासे मात्र अजून पिंपातच. परीक्षानळीत अमोनिया: पिवळा राहायला हवा, पोपटी होतोय. दगडांना हवा लागली, थोडं मेलं, ते सडतंय. दगडांतले बॅक्टेरिया शिल्लक आहेत, त्यांना वेळ द्यायचा. लेक दर अर्ध्या तासाने विचारते, "आता पिवळं?"

तिसऱ्या दिवशी पिवळं झालं. (हे २६ला लिहिलंय, पण इथेच शोभतं.) आधी मोठी बाई सोडली, मग छोटा. ती कोपऱ्यात गेली, तो तिच्या मागे गेला. पाच फुटांपैकी त्यांनी एक फूट घेतला. बाकी चार फूट मी उगाच घेतले.

६ मार्च, गुरुवार

आज लिहायची इच्छा नाही, पण न लिहिता झोपही येणार नाही.

दुरुस्तीसाठी वीज साडेअकराला गेली. मी ऑफिसात. पंप थांबला की वर पाणी चढवणारा पाइप उलटा वाहतो, टाकीतलं पाणी खाली संपात ओढतो. ते थांबावं म्हणून त्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक असतं. पातळी जरा उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. आज हवा शिरली नाही. नळीचं तोंड पाण्यात चार इंच खाली, म्हणजे चार इंच पाणी गेलं. या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे सव्वानऊ लिटर. चार इंचांचे नव्वदच्या वर. संपात जागा साठची.

उरलेलं तीस लिटर खारं पाणी हॉलभर, आणि हॉलच्या कडेने खालच्या काकूंच्या पीओपीवर. सासूबाईंनी घरातल्या सगळ्या जुन्या साड्या अंथरल्या होत्या, मी आले तेव्हा त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. "वीज आली आणि तुझा पंप सुरू झाला," एवढंच म्हणाल्या. खालच्या काकू मात्र बोलल्या. त्यांचं बरोबर आहे. पीओपी मी करून देणार.

स्टुलावर चढून ते भोक बघितलं. आत हिरवं बूच बसलं होतं, मसूरएवढं.

७ मार्च

काकांनी टाकीबरोबर दोन शंभरपानी वह्या दिल्या होत्या, त्या काल रात्री पहिल्यांदा नीट उघडल्या. मी मोबाइलवर ग्राफ काढणारी बाई, वह्या कशाला वाचतेय! निळ्या शाईत तारीख, क्षारता, तापमान, केएच (पीएच सावरणारं पाण्यातलं कार्बोनेट), आणि मध्येच "पाहुणे आले, दिवे उशिरा बंद" असली वाक्यं. दर पंधरा दिवसांनी एक ओळ, आठ वर्षं न चुकता: "भोक टोचले."

कचरा केव्हाच गेला.

आणखी एक ओळ रोजची आहे: "निवळी, दीड लिटर, रात्री." फोन करून विचारलं, निवळी कसली? "चुन्याची. दुसरी कसली असते?" आरओच्या पाण्यात लिटरला दीड ग्रॅम शुद्ध खायचा चुना ढवळायचा, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी थेंब-थेंब सोडायचं. रात्रीच, कारण अंधारात पीएच उतरतो आणि निवळी तो सावरते. कॅल्शियमही मिळतं, केएचही. दगडांवरची जांभळी साय त्याच्यावरच पोसलेली. याच कामाच्या दोन बाटल्या मी तीन हजारांना आणून ठेवल्यात. बाटलीवर जर्मन शब्द छापलाय, त्याचाही अर्थ चुन्याचं पाणी असाच होतो म्हणे.

पुराचं मात्र फोनवर सांगितलं नाही. जीभ वळली नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

बाहेर अडतीस. टाकीत सव्वीस, कारण चिलर दिवसाचे सात-आठ तास घुरघुरतोय आणि पाण्यातली उष्णता काढून आमच्या अंगावर सोडतोय. सासूबाईंच्या मते माशांना एसी आणि माणसांना हीटर. पण मागच्या मे महिन्यात छोट्या टाकीत पाणी एकतीसवर गेलं होतं, तेव्हा एक झोआ पांढराफटक पडलेला मी बघितलाय. समुद्रात तर नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादी डिग्री वाढून काही आठवडे टिकली तरी तेच होतं. २०२४च्या एप्रिलमध्ये जगभरच्या ब्लीचिंगची (प्रवाळ असे पांढरे पडण्याची) चौथी लाट जाहीर झाली. बीलची काळजी आहे, तरी चिलर बंद होणार नाही.

दुपारी काका-काकू श्रीखंड घेऊन आले. दोन जिने चढायला काकांना दहा मिनिटं लागली. काकू सरळ टाकीपाशी गेल्या, "बाई दिसली गं," म्हणाल्या, काचेला नाक लावलं. तिकडे भिंतीला दिवाण आला का, विचारलं. आलाय. "हे त्याच्यावर बसून भिंतीकडे बघत असतात," काकू म्हणाल्या, "म्हणजे त्यांची पाठ भिंतीला लागतच नाही."

काकांनी माशांकडे पाहिलं नाही. खुर्चीचा हात धरून, कण्हत, एक गुडघा टेकून ते खाली बसले आणि कपाटाचं दार उघडलं. आत खिळ्याला नवा दाभण टांगलाय, मंडईतून आणलेला, वहीत पहिली ओळ माझ्या अक्षरात: "२२ मार्च, भोक टोचले." त्यांनी दाभण हातात घेतला, दोरा अंगठ्याने चोळून पाहिला.

"सुती दोरा नको," ते म्हणाले. "कुजतो. नायलॉनचा बांध."